एक बाय एक बाय देवाची मर्जी

इंग्लंडमधल्या खेड्यात एखाद्या घराच्या फाटकावर 'द ओल्ड प्लाऊ' किंवा 'द ओल्ड बेल' अशी पाटी दिसली की समजावं, इथे कधीकाळी पब होता. पब बंद पडतो, नाव मागे उरतं. आत आता एखादं निवृत्त जोडपं राहतं. जिथून पिंपं गडगडत तळघरात उतरायची तिथे हायड्रेंजिया फुललेला असतो आणि मागच्या बाजूला, पाय ठेवायला जीव होऊ नये अशी हिरवळ असते. त्या हिरवळीत खड्डा खणणे या प्रकाराला इथे कम्युनिटी आर्किऑलॉजी म्हणतात. मराठीत 'लोकसहभागातून पुरातत्त्व'. ऐकायला श्रमदानासारखं वाटतं आणि असतंही तसंच. फरक इतकाच की श्रमदान संपल्यावर निदान रस्ता तरी झालेला असतो.

गावच्या हॉलबाहेर कागद लागतो: 'अनुभवाची गरज नाही. भक्कम बूट आणावेत.' यातलं दुसरं वाक्य खरं आहे.

तिथे पब होता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जमिनीला ते ठाऊक आहे का, एवढंच तपासायचं असतं. आणि जमीन ही फार घुमी साक्षीदार आहे.

आधी कागदपत्रं. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा खात्याच्या मैलाला पंचवीस इंच प्रमाणाच्या जुन्या नकाशांवर अशा इमारतीशेजारी 'पी.एच.' अशी बारीक अक्षरं असतात, म्हणजे पब्लिक हाउस. ती सापडली की गड सर झाल्यासारखं वाटतं. मग १८४१ पासूनच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेत त्या घरातल्या कर्त्या माणसाचा धंदा पाहायचा. तिथे पहिली ठेच लागते, कारण तिथे लिहिलेलं असतं 'लोहार'. दहा वर्षांनी 'सुतार'. त्यापुढे नुसताच 'शेतमजूर'. पब कुठे गेला?

कुठे गेला नाही, तो ओटीवर होता. १८३० साली कायदा झाला आणि घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून राहत्या घरातून बिअर विकायची मुभा मिळाली. नवरा मागे घोड्यांना नाल ठोकायचा आणि बायको पुढच्या खोलीत पिंपाची तोटी सांभाळायची. अशी बिअर-घरं गावोगाव उगवली. १८६९ साली परवाने पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या हाती गेले आणि १९०४ च्या कायद्याने जास्तीचे ठरलेले पब भरपाई देऊन बंद करायला सुरुवात झाली. म्हणजे आपला 'ऐतिहासिक पब' हा मुळात दोन बाकं, एक पिंप आणि एका घराची पुढची खोली. त्या खोलीत आणि शेजारच्या स्वयंपाकघरात फरक करायचा तो सव्वाशे वर्षांनंतर, फुटक्या कपबशांवरून.

जुनी, ऐसपैस सराई असेल तर गोष्ट वेगळी. तिला तबेला असतो, अंगण असतं, विहीर असते. ती गावची चावडीही असायची. क्लबांच्या बैठका तिथे, लिलाव तिथे, गावात कोणी संशयास्पद मेलं तर कॉरोनरची चौकशीसुद्धा तिथेच भरायची. पण अशा सराया सहसा बंद पडत नाहीत, त्यांची हॉटेलं होतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ती लोहाराची ओटी.

मालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि त्यातच सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं तेही लिहून टाकावं, कारण कायद्याने त्या जमीनमालकाच्या. पहिल्या दिवशी मालकीणबाई 'छे हो, तुम्हीच ठेवा ती खापरं' म्हणतात. तिसऱ्या दिवशी चांदीचं नाणं निघालं की आवाज बदलतो. जागा संरक्षित स्मारकात मोडत नाही ना हे पाहावं. मग वीज, पाणी, गॅस यांच्या लाइनींचे नकाशे मागवावेत आणि वर केबल शोधायचं यंत्र फिरवावं. या यंत्राला इथे 'कॅट' म्हणतात, आणि ते मांजरासारखंच वागतं: मनात आलं तर ओरडतं. विजेची चालू केबल आणि धातूचा नळ त्याला कळतो. प्लॅस्टिकचा पाइप कळत नाही. गेल्या काही दशकांत इथले बहुतेक नवे पाइप प्लॅस्टिकचे आहेत हे लक्षात घेता, पहिलं फूटभर खणताना कुदळ मारायचा मोह आवरावा. जमिनीखाली पिवळी किंवा निळी फीत दिसली की हात तिथेच थांबले पाहिजेत, तोंडातला बिस्किटाचा तुकडा अर्धा असला तरी.

आता खड्डा. तो एक मीटर बाय एक मीटर. खोली किती? त्यावर आमच्यात एकच उत्तर आहे: देवाची मर्जी. नियमाने १ मीटर २० सेंटिमीटरच्या खाली उतरायचं नाही, बाजू ढासळू शकतात. पण तिथवर पोचायलाही पुण्य लागतं.

चौरस आखणं सोपं वाटतं. चार खुंट्या, नायलॉनची दोरी, दोन टेप. एक बाजू घरासमांतर धरून पक्की करायची आणि मग कर्ण मोजायचा. तो दोन्हीकडून १ मीटर ४१.४ सेंटिमीटर आला तर चौरस, नाहीतर पतंग. गवंड्याचा गुण्या असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, पण गुण्या असलेला गवंडी कधी स्वयंसेवक म्हणून येत नाही. तो पैसे घेऊन दुसरीकडे भिंत बांधत असतो. येतात ते निवृत्त प्राध्यापक. शिवाय या देशात माणसाची उंची फुटात, बिअर पाइंटात आणि खड्डा मीटरमध्ये मोजतात, त्यामुळे टेपची कोणती बाजू वाचायची यावर पहिला चहा होतो.

मग हिरवळ उचलायची. धारदार फावड्याने वड्या पाडाव्यात तशा तीन बाय तीन, नऊ चौकोन कापायचे, खालून सात-आठ सेंटिमीटर जाडीने सोडवायचे आणि ताडपत्रीवर त्याच क्रमाने, हिरवी बाजू वर करून मांडायचे. ऊन असेल तर झारीने पाणी मारायचं. हा क्रम कोणी पाळत नाही आणि शेवटच्या दिवशी नऊ वड्यांचं कोडं सोडवत बसावं लागतं. कधी आठच उरलेल्या असतात. नववी कुठे जाते याचा शोध अजून लागलेला नाही.

इथून पुढे दहा-दहा सेंटिमीटरचा एकेक थर. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक थराच्या वस्तू वेगळ्या पिशवीत. हिशेब करून ठेवावा म्हणजे नंतर धक्का बसत नाही. एक थर म्हणजे जमिनीतली शंभर लिटर माती. खणली की ती फुगते, सव्वाशेच्या आसपास जाते, म्हणजे दहा लिटरच्या बारा बादल्या. वजन दीडशे किलोच्या घरात. मीटरभर खोल गेलात तर दीड टन. ती खड्ड्यातून चाळणीवर, चाळणीतून ढिगावर आणि शेवटी ढिगातून पुन्हा खड्ड्यात. साडेचार टन माती हलवून हाती येतं ते बहुधा खिशात मावतं. इथे घमेलं मिळत नाही, ही माझी या देशाबद्दलची जुनी तक्रार आहे. बादलीतून माती ओतायला मनगट वळवावं लागतं. घमेल्यातली माती नुसती भिरकावता येते.

हत्यार म्हणजे थापी. गवंड्याची मोठी नव्हे, चार इंची, टोकदार, एका लोखंडातून घडवलेली. पातं आणि दांडी जोडकाम करून बसवलेली स्वस्तातली थापी दुसऱ्या दगडावर मान टाकते. थापीने उकरायचं नाही, कडेने आपल्याकडे खरवडत आणायचं. आणि खणलेल्या जागेवर गुडघा टेकायचा नाही, मागे मागे सरकत यायचं, फरशी पुसताना सरकतो तसं.

नवख्यांच्या हातून एक चूक हमखास होते. मध्ये खणायला सोपं, कोपऱ्यात अवघड, म्हणून खड्ड्याची हळूहळू कढई होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कोपरे साफ करायला बसतं, आणि वरच्या थरातलं प्लॅस्टिक खालच्या थरात पडून एकोणिसाव्या शतकात जाऊन बसतं. बाजू ओळंब्यात हव्यात. ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधा, पण कढई करू नका. दुसरी चूक म्हणजे काठावर बसणं. खड्ड्यात डोकावायला येणारा प्रत्येक गावकरी नेमका काठावर उभा राहतो, काठ सुटतो आणि चिनी मातीच्या बशीचा तुकडा कोणत्या थरातला, हे मग त्या गावकऱ्याच्या बुटालाच माहीत.

चाळणीची जाळी दहा मिलिमीटरची. कोरडी माती असेल तर चाळणं हा योग आहे. पण इथे माती कोरडी असते ती वर्षातून दोनदा, आणि ते दोन दिवस आपण ऑफिसात असतो. ओल्या चिकणमातीचे चाळणीत लाडू वळले जातात. ते हाताने फोडावे लागतात, एकेक. थापीने जाळीवर रगडून काढायचे नाहीत, खापराच्या कडा झिजतात आणि पुढे कोणीतरी तज्ज्ञ त्या झिजेवरून 'नांगरटीत फिरलेला तुकडा' असा निष्कर्ष काढतो. जखमेवर चिकटपट्टी लावून, वर हातमोजे घालूनच माती हाताळावी. उंदीर पब बंद झाला म्हणून गाव सोडत नाहीत, आणि लेप्टोचा ताप काय चीज आहे हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं बरं.

आपल्याकडे जुनी वस्ती शोधताना लोक पांढरीचं टेकाड बघतात, राखेने पांढुरकी झालेली माती. इथल्या परसात उलट. चुलीतली राख, शेणखत, खरकटं आणि कोळशाची भुकटी मिसळून वस्तीची माती काळपट होते. पहिल्या थरात गोल्फचा चेंडू, रोपाची प्लॅस्टिकची पट्टी, खेळण्यातल्या मोटारीचं चाक. दुसऱ्यात निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे: विलो, पूल, पाखरं. हा छाप १७९० च्या सुमारास निघाला आणि अजून निघतोच आहे, त्यामुळे तो सापडला म्हणून आनंदाने ओरडू नये. खिळे तर किती! गंजून प्रत्येकाचा जिलबीचा तुकडा झालेला. मोजायचे मात्र सगळे.

आणि मग चाळणीत खडखडाटाऐवजी एक बारीक, टणटणीत आवाज येतो. बोटाएवढा पांढरा तुकडा. मुळी म्हणावी तर फार सरळ, हाड म्हणावं तर फार गोल. दोन्ही टोकांना बघायचं, मधोमध सुईएवढं भोक दिसलं की ती मातीच्या चिलमीची नळी. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक तंबाखू ओढू लागले, आणि तेव्हापासून या नळ्या मोडतच आहेत. पुढच्या गिऱ्हाइकासाठी टोक मोडून चिलीम स्वच्छ करायचे, ही गोष्ट प्रत्येक उत्खननात कोणीतरी सांगतंच. माझा तिच्यावर विश्वास नाही. वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक भाजलेली माती चार पाइंट प्यायलेल्या माणसाच्या हातात दिली तर ती मोडायला स्वच्छतेचं कारण लागत नाही.

चिलमीचं डोकं सापडलं तर नशीब. तंबाखू महाग होती तेव्हाची डोकी चिमुकली, स्वस्त होत गेली तशी मोठी. नुसती नळी असेल तर भोक मोजायचं. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी १९५४ साली दाखवून दिलं की भोक काळाबरोबर बारीक होत जातं: सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंचाचे नऊ चौसष्टांश, अठराव्याच्या उत्तरार्धात चार. मोजायला ड्रिलची पाती वापरायची, जे पातं जेमतेम आत जाईल तो आकडा. लुइस बिनफर्ड यांनी पुढे त्याचं सूत्रच केलं: सरासरी भोकाला ३८.२६ ने गुणा आणि १९३१.८५ मधून वजा करा. पाच चौसष्टांश आलं तर साधारण १७४०. मात्र सूत्र बेतलं अमेरिकेत सापडलेल्या नळ्यांवर, आणि त्याला ढीगभर नळ्या लागतात. तीन नळ्यांवर साल काढणं म्हणजे तीन शितांवरून लग्नातला भात जोखणं. शिवाय हे सूत्र इमानाने चालवत नेलं तर १९३१ साली भोक शून्य होतं, म्हणजे त्या वर्षानंतर लोक भरीव नळीतून धूर ओढत होते.

चिलमी सापडल्या म्हणजे पब सापडला का? नाही ना. चिलीम घरीही ओढत, नांगरामागेही ओढत. इथेच या खटाटोपाची खरी गोम आहे. पबचा धंदा असा की त्यातलं सगळं परत जातं. पिंप ब्रुअरीच्या मालकीचं, रिकामं झालं की गाडीवर. कथिलाच्या मिश्रधातूचे पेले वितळवून नवे होत. बाटल्यांवर तर 'ही बाटली अमुक ब्रुअरीची मालमत्ता' असं काचेतच उठवलेलं असायचं. परत न जाणारं एकच, गिऱ्हाईक. आणि ते खड्ड्यात सापडून चालत नाही. सापडलंच, तर काम थांबवून पोलिसांना फोन करायचा असतो.

मग पबची खूण कोणती? माझ्या मते सगळ्यात भरवशाचं म्हणजे काळं बूच. अंगठ्याएवढं, आटे पाडलेलं, कडक रबराचं. आतून आट्यांनी बसणाऱ्या या बुचाचं पेटंट १८७९ चं. डोक्यावर ब्रुअरीचं नाव कोरलेलं असतं, आणि बाटली परत जायची तेव्हा बूच हरवायचं. एका परसात दोन बुचं म्हणजे घरात कोणीतरी पिणारा होता. पंचवीस बुचं, तीही एकाच ब्रुअरीची, म्हणजे तिथे विकणारा होता. असं काही घसघशीत निघालं की आम्ही मोठ्या माणसांसारखे गप्प उभे राहतो, आणि मग कोणीतरी फोटो काढायच्या आत ते धुऊन टाकतं.

दुसरी खूण पेल्यावरची. १७०० सालच्या कायद्याने विक्रीच्या पेल्यांवर मापाचा शिक्का सक्तीचा झाला: मुकुट आणि खाली 'डब्ल्यू आर', म्हणजे राजा विल्यम. राखाडी-तपकिरी खापरावर तो बोटाच्या पेराएवढा छाप लागला तर तो पेला परवान्याच्या जागी फिरलेला, यात शंका नाही. पण साल सांगताना सांभाळून. विल्यम १७०२ साली गेला आणि शिक्का मात्र पुढे कित्येक वर्षं त्याच्याच नावाने मारला जात राहिला. सरकारी रबरस्टँपशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना याचं नवल वाटू नये.

मोका पेले हा आणखी एक प्रकार, एकोणिसाव्या शतकातल्या पबांचा लाडका. पांढऱ्या किंवा करड्या पट्ट्यावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी-तपकिरी नक्षी. कुंभार ती काढायचा नाही. ओल्या लेपावर तंबाखूच्या अर्काचा एक थेंब सोडायचा, तो आपोआप फांद्या फुटत पसरायचा. बैठकीत ओढायचीही तंबाखूच आणि ज्यातून प्यायचं त्यावरही तंबाखूच. इतकी निष्ठा हल्ली दिसत नाही.

काचेत मला आवडते ती कॉडची बाटली. हिरम कॉड यांचं १८७२ चं पेटंट: चिमटा घेतलेली मान आणि आत काचेची गोटी, जी सोड्याच्या दाबाने वर येऊन तोंड बंद करते. इथले लोक ती हातात घेऊन संग्रहालयातल्यासारखी निरखतात. आपण म्हणतो, अरेच्चा, गोटी सोडा! ज्या बाटलीचा अंगठ्याने 'फट्' आवाज काढून आपण जत्रेत सोडा प्यायलो, तिच्यावर इथे क्रमांक घालून, वजन करून, छिद्रं पाडलेल्या पिशवीत ठेवतात. अखंड बाटली क्वचितच मिळते. गोट्यांसाठी पोरांनी त्या फोडल्या. याबाबतीत दोन्ही देशांतल्या पोरांचं एकमत आहे.

सोन्या-चांदीचं काही निघालं तर नियम वेगळा. तीनशे वर्षांहून जुनी, निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. एक सुटं नाणं सहसा त्यात बसत नाही. पबच्या जागी सुटी नाणीच मिळतात, तीही तांब्याची, कारण चांदीचं पडलेलं नाणं माणूस कितीही झिंगला तरी शोधतो.

मातीचा रंग लिहिणं हा स्वतंत्र छळ. त्यासाठी मन्सेलची रंगपट्ट्यांची वही असते. ओलं ढेकूळ पट्टीशेजारी धरून '१० वायआर ४/३' असं लिहायचं, म्हणजे तपकिरी. शेजारचा म्हणतो ३/३, म्हणजे गडद तपकिरी. चष्मा लावणारे आणि न लावणारे असे दोन तट पडतात. पोत ओळखायला मात्र आमच्यासारख्यांना शिकवावं लागत नाही. ओल्या मातीची सुरळी वळायची, मोडली तर वाळूची, वळली आणि तिचं कडं झालं तर चिकण. चकलीचं पीठ जमलं आहे की नाही हे ज्याला कळतं त्याला हे कळतं.

धुणं दुपारी, हॉलमध्ये. टबात कोमट पाणी, जुना टूथब्रश, एका वेळी एकाच पिशवीतला ऐवज. धातू धुवायचा नाही. आत काळं काही चिकटलेलं खापर धुवायचं नाही. मोडलेल्या कडा आधी घासायच्या, नक्षी नंतर आणि हळू. वाळवायला वर्तमानपत्र, आणि त्यावर थराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. इथे घात होतो. कोणीतरी खिडकी उघडतं, चिठ्ठ्या उडतात आणि थर तीन, थर पाच आणि परवाचं हवामान एका ढिगात येतं. म्हणून चिठ्ठी वाटीखाली दाबावी, आणि पिशवीवर आतून-बाहेरून दोन्हीकडे लिहावं. भिजल्यावर टिकेल अशा पेननेच. विटांचे तुकडे मोजून, वजन करून टाकून देतात. आधी धुऊन मग टाकतात, हे पुण्याला फोनवर सांगायची सोय नाही.

एवढं करून एका खड्ड्यातून काय कळतं? जवळजवळ काही नाही. पण खड्डे हजारांनी खणले तर कळतं. कॅरेन्झा लुइस या पुरातत्त्वज्ञ बाईंनी पूर्व इंग्लंडमधल्या ५५ वस्त्यांत गावकऱ्यांकडून आणि शाळकरी मुलांकडून असे दोन हजारांवर खड्डे खणवून घेतले, आणि २०१६ साली त्यातल्या खापरांची आकडेवारी मांडली. चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीनंतर खापरं ४५ टक्क्यांनी घटलेली. गावात माणसंच उरली नव्हती, मडकी फोडणार कोण? यातले कितीतरी खड्डे कढईच्या आकाराचे असणार याची मला खात्री आहे. तरी प्लेग दिसला.

खालची माती एकरंगी, गच्च, वस्तूविना लागली की थांबायचं. खात्रीसाठी एका कोपऱ्यात आणखी वीसेक सेंटिमीटर. बाजूंपैकी एकीचा एकास दहा प्रमाणात नकाशा काढायचा, फोर-एच पेन्सिलीने, प्लॅस्टिकच्या अर्धपारदर्शक कागदावर, म्हणजे पाऊस आला तरी फिकीर नाही. तो येतोच.

मग भरायचं. तळाला अलीकडच्या सालाचं एक पेनीचं नाणं टाकायचं, पुढे कोणी पुन्हा खणलं तर आपल्याआधी कोणी येऊन गेलंय हे त्याला कळावं म्हणून. दर वीस सेंटिमीटरला पायाने तुडवायचं. माती जितकी काढली तितकीच परत जाईल हा भ्रम. नीट तुडवलं तर तीन बादल्या कमी पडते, नाही तुडवलं तर हिरवळीवर थडगं उभं राहतं आणि मालकीणबाई खिडकीतून बघत असतात. वर आठ वड्या आणि नवव्या जागी गवताचं बी, पंधरा दिवस रोज पाणी. नाणं टाकायची पाळी आली की सगळे खिसे चाचपतात. हल्ली सुटे पैसे कोणाकडेच नसतात. शेवटी कोणीतरी कालच्या बिअरच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण काढतं, त्यावर ब्रुअरीचं नाव असतं, आणि तेच खाली जातं.